वस्तूंची चाल व हाताने काढलेली चलच्चित्रे

(इयत्ता ४ थी ते ७ वी : चित्रकला, गणित, परिसर अभ्यास व भाषा यांच्या समवायाचा पाठ)

चित्रकलेच्या तासाला फळ्यावर आंबा, कमळ किंवा झोपडी काढावी व मुलांकडून तिची नक्कल करवून घ्यावी, हा प्रघात आपल्या शाळांतून फार जुना आहे. त्यामुळे मुलांचा हात रेषेवर बसतो, हे नाकारता येत नाही. परंतु ह्या रीतीत मूल फळ्याकडे पाहते, आंब्याकडे पाहत नाही. खिडकीबाहेर खरा आंबा वाऱ्याने डोलत असताना त्याची नजर शिक्षकांच्या खडूवर खिळलेली असते. जे पाहायचे ते दुसऱ्याने पाहून ठेवले आहे, आपण केवळ उतरवून घ्यावयाचे, अशी सवय एकदा जडली म्हणजे ती चित्रकलेपुरती राहत नाही; ती गणितात व विज्ञानातही शिरते.

प्रस्तुत पाठात निराळी वाट सुचविली आहे. वस्तू कशी दिसते, एवढ्यावर न थांबता ती कशी हलते हे मुलांनी पाहावे, शक्य तेथे मोजावे आणि एकामागून एक अशा अनेक लहान चित्रांत उतरवावे. ती चित्रे वहीच्या कडेने सरसर सोडली असता हलू लागतात. मुले आज भ्रमणध्वनीवर कार्टून पाहतात. ती कोठेतरी दूर, कोणत्यातरी मोठ्या यंत्रातून तयार होऊन येतात असा त्यांचा समज असतो. तेच काम दोन पैशांच्या कागदावर पेन्सिलीने आपल्यालाही साधते, हा अनुभव पालघर तालुक्यातील एखाद्या पाड्यावरील मुलाला आला, तर त्याचे मोल चित्रापेक्षा कितीतरी अधिक आहे.

हलत्या चित्रामागील तत्त्व

एकमेकांपासून थोडी थोडी भिन्न असलेली चित्रे झपाट्याने डोळ्यांपुढून गेली, तर मनाला ती सुटी न वाटता सलग गती भासते. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे दाखवितात. हाताने काढलेल्या चित्रपटांत पुष्कळदा एकेक चित्र दोनदा घेतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. आपणही ह्या पाठात सेकंदाला १२ हेच प्रमाण धरू. अर्ध्या सेकंदाची ६ व पाव सेकंदाची ३ चित्रे होत असल्याने मुलांना हिशेब सोपा जातो.

येथे एक गोष्ट शिक्षकांनी प्रथम स्वतः पक्की करून घ्यावी. गती चित्रात नसते. ती दोन चित्रांमधील अंतरात असते. चेंडू कितीही सुबक काढला तरी तो हलत नाही. पहिल्या चित्रातील चेंडू व दुसऱ्या चित्रातील चेंडू ह्यांत अंतर थोडे असले तर तो सावकाश जातो, अंतर जास्त असले तर वेगाने जातो. अंतरे समान असली तर चाल एकसारखी राहते, वाढत गेली तर वेग वाढतो, घटत गेली तर वस्तू थांबू लागते. साऱ्या चलच्चित्रकलेचा पाया हा एवढाच आहे. म्हणून ज्या मुलाचा हात सुंदर चालत नाही, परंतु ज्याला मोजपट्टी धरता येते व ज्याची नजर शाबूत आहे, तेही मूल ह्या कामात मागे पडत नाही.

आपल्या भागातील पूर्वसूरी

हे शास्त्र परकीय आहे असे कोणी मानू नये. मोखाड्याचा घाट चढून पलीकडे गेले की त्र्यंबकेश्वर लागते. तेथे १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा चित्रपट काढण्यापूर्वी कुंडीत वाटाणा पेरून, ठरावीक काळाने त्याचे एकेक चित्र घेऊन ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा पट तयार केला. डोळ्यांना कधीच न दिसणारी रोपाची चाल त्यात लोकांना दिसली. पुढे १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ ह्या पटात त्यांनी काड्यापेटीतील काड्या थोड्या थोड्या सरकवून, दर वेळी चित्र घेऊन, त्यांना जणू जिवंत केले. वाटाणा व आगकाडी ह्यांहून स्वस्त साहित्य कोणत्या शाळेस हवे?

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली ‘जंबू काका’ हा चित्रांचा पट काढला. १९५६ साली मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला व तेथे अनेक भारतीय चित्रकार ही विद्या शिकले. विजया मुळे यांनी १९७४ साली मुलांसाठी केलेला ‘एक अनेक और एकता’ हा पट तर दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला. आपल्यापैकी कित्येकांनी तो बालपणी पाहिला असेल.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचे नाव प्रत्येक मुलास ठाऊक असावयास हवे. बालपणी आई गेल्यानंतर हा मुलगा बोलेनासा झाला व मातीत चित्रे काढूनच मनातले सांगू लागला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत मुंग्यांची रांग, फेकलेले जाळे, तारप्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर हे सारे स्थिर कागदावर असूनही हलल्यासारखे वाटते. ह्याचे कारण पाहू गेल्यास पुन्हा वरील तत्त्वच हाती येते : फेरातील प्रत्येक माणूस शेजारच्याहून किंचित निराळ्या अवस्थेत व मोजक्या अंतरावर उभा आहे. डोळा एकावरून दुसऱ्यावर जातो आणि नाच चालू होतो.

आधी पाहावे, मग ताडून पाहावे

धावता घोडा काढताना पुढचे पाय पुढे व मागचे पाय मागे ताणलेले, चारही जमिनीवरून सुटलेले, असे चित्रकार शतकानुशतके काढीत आले. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेने ओळीने १२ कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. तेव्हा असे आढळले की चारही पाय एकदम उचललेले असतात हे खरे, पण त्या क्षणी ते ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात. सवयीने पाहणे व खरोखर पाहणे ह्यांतील भेद ह्याहून स्पष्ट कोठे दिसणार?

आज शिक्षकांच्या भ्रमणध्वनीतच मंदगतीचे चित्रण करण्याची सोय पुष्कळदा असते. तिचा उपयोग अवश्य करावा, परंतु क्रम चुकवू नये. प्रथम मुलांनी उघड्या डोळ्यांनी पाहावे, अंदाजाने चित्रे काढावी आणि नंतर चित्रण दाखवून ती ताडून पाहावी. आधीच चित्रण दाखविले तर भ्रमणध्वनी हा नवा फळा होतो व मूल पुन्हा नक्कलच करते.

साहित्य

पाठकोरे कागद, गणिताची चौकटीची वही किंवा आलेख कागद, पेन्सिल, मोजपट्टी, चांदा, कंपास, कात्री, दाभण व दोरा, रबरी चेंडू, सुतळी व दगड. फ्लिप बुक, म्हणजे सरसर सोडावयाच्या पानांची वही, करण्यासाठी १२ सेंमी. लांब व ८ सेंमी. रुंद असे सुमारे ४० सारखे कागद कापून ते लांबीच्या एका टोकास घट्ट शिवावे. चित्र नेहमी मोकळ्या टोकाकडे काढावे. आरंभ शेवटच्या पानापासून करावा. म्हणजे त्यावर दुसरे पान टाकले असता खालची रेषा पुसट दिसते व पुढचे चित्र किती सरकवायचे ते कळते. कागद जाड असल्यास तो शिवण्यापूर्वी खिडकीच्या काचेवर धरून काढावा.

पाठ पहिला : दोन चित्रांची चकती

पुठ्ठ्याची वाटोळी चकती कापून तिच्या डाव्या व उजव्या कडेस दोरे बांधावे. एका बाजूस मासा व दुसऱ्या बाजूस जाळे काढावे. चकती दोऱ्यांच्या अक्षाभोवती पालथी केली असता मागचे चित्र सुलट दिसेल, अशा बेताने ते काढावे. दोरे बोटांत धरून पीळ दिला की चकती गरगर फिरते व मासा जाळ्यात सापडतो. हे खेळणे युरोपात १८२५ च्या सुमारास प्रचारात आले. दोन चित्रे मनात एक कशी होतात, हे पहिलीच्या मुलासही ह्यावरून पटते.

पाठ दुसरा : पडणारा व उसळणारा चेंडू

भिंतीवर खडूने दर १० सेंमी.वर खुणा कराव्या व चेंडू १२२ सेंमी. उंचीवरून हातातून नुसता सोडावा. त्याला खाली यावयास अर्धा सेकंद लागतो, म्हणजे आपल्या हिशेबाने ६ चित्रांचा अवधी. आता मुलांना विचारावे, “ही सहा अंतरे सारखी असतील काय?” बहुतेक मुले ‘होय’ म्हणतील. मग चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून व डोक्याच्या उंचीवरून हातावर झेलावयास सांगावे. कोणता जास्त लागतो, हे हातच सांगतो. अर्थात उंचावरून येणाऱ्याचा वेग वाढलेला असतो.

तो किती वाढतो, हे इटालियन शास्त्रज्ञ गॅलिलिओ यांनी १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले आहे. समान कालखंडांत पडण्याची अंतरे १, ३, ५, ७, ९, ११ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात. त्यांची बेरीज करीत गेल्यास १, ४, ९, १६, २५, ३६ ह्या वर्गसंख्या येतात. आलेख कागदावर २ मिमी.चे एक घर धरून वरून १, ४, ९, १६, २५ व ३६ घरांवर चेंडू काढावा. एकूण पतन ७.२ सेंमी. भरते व ते आपल्या वहीच्या पानावर बरोबर मावते.

उसळताना हीच अंतरे उलट्या क्रमाने येतात. सोयीसाठी असे धरावे की पहिली उसळी २५ घरे, दुसरी १६, मग ९, ४ व १. वर जाण्यास व खाली येण्यास अनुक्रमे ५, ४, ३, २ व १ अंतरे लागतात. मुलांकडून एकूण करवून घ्यावे : पतनाची ६, व नंतरची १०, ८, ६, ४, २. बेरीज ३६, म्हणजे बरोबर ३ सेकंद. सुरुवातीचे एक धरून चित्रे ३७. खऱ्या चेंडूची उसळी प्रत्येकाची निराळी असते. ती भिंतीवरील खुणांनी पाच वेळा मोजून सरासरी काढावी व वरच्या वर्गातील मुलांनी आपल्याच चेंडूची वही करावी.

दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. जमिनीस टेकतानाच्या चित्रात रबरी चेंडू किंचित चपटा काढावा. जितका बाजूने पसरेल तितका उंचीत कमी झाला पाहिजे, नाहीतर तो फुगल्यासारखा वाटतो. चपटेपणा व उसळी दोन्ही गाळली की तेच वर्तुळ दगड होते. दुसरे असे की जड दगड हलक्या दगडापेक्षा लवकर पडतो, ही समजूत कित्येक मोठ्या माणसांचीही असते. लहान व मोठा असे दोन दगड एकाच उंचीवरून एकदम सोडून त्यांचा आवाज एकच येतो की दोन, हे मुलांना डोळे मिटून ऐकावयास लावावे.

पाठ तिसरा : झोका

एक मीटर लांब सुतळीला दगड बांधून तो झाडाच्या फांदीला टांगावा व थोडा बाजूला नेऊन सोडावा. जाऊन-येऊन त्याला सुमारे २ सेकंद लागतात, म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकास जावयास १ सेकंद व १२ अंतरे. दोन्ही टोकांस दगड क्षणभर थबकतो व मध्ये झपकन जातो, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते.

हे कागदावर आणण्यास भूमितीची एक सुंदर युक्ती आहे. १२ सेंमी. व्यासाचे अर्धवर्तुळ काढावे, चांद्याने दर १५ अंशांवर त्यावर खुणा कराव्या व प्रत्येक खुणेपासून व्यासावर लंब टाकावा. व्यासावर मिळालेले १३ बिंदू हीच दगडाची आडवी स्थाने. टोकाजवळचे अंतर सुमारे २ मिमी. व मध्याजवळचे सुमारे दीड सेंमी. भरते. केवळ कृती म्हणून शिकविलेला ‘लंब टाकणे’ हा भाग येथे काय उपयोगी पडतो, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. वहीच्या पानासाठी हेच अर्धवर्तुळ निम्म्या मापाचे घ्यावे.

पुढे सुतळी लांब-आखूड करून व दगड लहान-मोठा बदलून पाहावे. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट होतो. दगडाच्या वजनाने मात्र वेळ बदलत नाही. चिंचेच्या झाडावरील उंच झोका संथ का व पाळणा झटपट का हलतो, ह्याचे उत्तर मुलेच देतील.

पाठ चौथा : पान, शेपटी व निशाण

सागाचे वाळलेले पान उंचावरून सोडावे. येथे १, ३, ५ चा नियम चालत नाही, कारण हवा पानास आडवी धरते. पान एका बाजूस घसरत जाते, थबकते, वळते व दुसऱ्या बाजूस घसरते. प्रथम मुलांनी बोटाने हवेत त्याची वाट गिरवावी, मग ती वाट वक्र रेषेने कागदावर काढावी व नंतर त्या रेषेवर स्थाने मांडावी : वळणापाशी दाट, घसरणीवर विरळ. हाच नियम पुढे पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतो, कारण सजीवांच्या अवयवांची वाट बहुधा वक्र असते. सरळ रेषेत हलणारा हात यंत्राचा वाटतो.

बैलाची शेपटी पाहताना मुलांना विचारावे, “आधी काय हलते, मूळ की गोंडा?” मूळ आधी वळते व गोंडा मागाहून येतो. मूळ परत फिरले तरी गोंडा क्षणभर जुन्याच दिशेने जात असतो. सातपाटी बंदरातील होड्यांवरची निशाणे, मुलीची वेणी, पतंगाची शेपटी ह्या सर्वांत हेच दिसते. वर्गात दोरीचे एक टोक दाराच्या कडीला बांधून दुसरे टोक हाताने झटकावे. लाट दोरीवरून पुढे धावते, पण दोरीवर बांधलेली चिंधी जागच्या जागी वरखाली होते.

चिंचणी किंवा केळवे येथील किनाऱ्याजवळच्या शाळांनी समुद्राची लाटही पाहावी. लाटा फुटतात त्यापलीकडे तरंगणारी नारळाची करवंटी लाटेबरोबर किनाऱ्याकडे धावत नाही, ती जवळजवळ तेथेच वरखाली झुलत राहते. हे अवलोकन ओहोटीच्या वेळी, कोरड्या पुळणीवर बसून, दोन मोठी माणसे बरोबर असतानाच करावे. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.

पाठ पाचवा : चाक व सुटणारी गाडी

बोईसर-तारापूरच्या शाळांना हा पाठ विशेष जवळचा आहे. १९६९ साली तारापूरला देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली व यंत्रांवर काम करणाऱ्यांची मुले आपल्या वर्गांत आली. आपले आईवडील ज्या यंत्रावर काम करतात त्याचा कोणता भाग फिरतो, कोणता पुढेमागे होतो, कोणता थांबून थांबून चालतो, हे त्या मुलांनी हाताने करून दाखवावे.

चाकाच्या चित्रात एक गंमत आहे. सहा आऱ्यांच्या चाकात दोन आऱ्यांमध्ये ६० अंश असतात. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत चाक बरोबर ६० अंश फिरविले, तर एका आऱ्याच्या जागी दुसरा येतो व चाक थांबलेलेच दिसते. ३० हून अधिक व ६० हून कमी अंश फिरविले तर ते उलटे फिरताना दिसते. म्हणून दर चित्रास ३० अंशांपेक्षा कमीच फिरवावे, किंवा एक आरा निराळ्या रंगाने काढावा. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक कधी कधी उलटे का फिरते, ह्याचे उत्तर हेच.

स्थानकातून सुटणारी आगगाडी शिक्षकांसह फलाटावर, कडेपासून दूर बसून पाहावी. दर सेकंदाला डोळ्यांपुढून किती खिडक्या गेल्या, ते मोजावे. आरंभी एकही नाही, मग एक, मग दोन असे होत जाते. पडणाऱ्या चेंडूची व सुटणाऱ्या गाडीची अंतरे आरंभी साधारणतः एकाच रीतीने वाढतात. एकीस अर्धा सेकंद लागतो, दुसरीस मिनिट, इतकाच भेद.

पाठ सहावा : चालणारा माणूस

साधारण चालीत सेकंदाला दोन पावले पडतात. म्हणजे एका पावलास ६ चित्रे. भिंतीवर मुलाच्या डोक्याच्या उंचीची आडवी रेघ मारून त्याला तिच्या कडेने चालावयास सांगावे व इतरांनी केवळ डोक्याकडे पाहावे. दोन्ही पाय फाकलेले असताना डोके खाली येते, एक पाय दुसऱ्याजवळून जाताना वर उचलले जाते. अर्थात डोक्याची वाट सरळ नसून हलक्या लाटेची असते. ही लाट नसली की चित्रातील माणूस जमिनीवरून सरकतो, चालत नाही. मानवाकृतीसाठी वारली चित्रांतील, टोकाशी जुळलेल्या दोन त्रिकोणांची आकृती फार सोयीची आहे, कारण तिच्यात कंबर, खांदे व सांधे लगेच कळतात. मात्र लग्नाच्या वेळी सुवासिनी जो चौक लिहितात तो व त्यातील पालघाट देवी ही पूजेची आहेत. ती खेळासाठी घेऊ नये; काही शंका असल्यास पाड्यातील वडीलधाऱ्यांना विचारावे.

कोंबडीची चालही अवश्य पाहावी. तिची मान झटकन पुढे जाते, मग डोके जागी स्थिर राहते व धड मागून येऊन त्यास गाठते. डोके सतत पुढे सरकत ठेवले तर कोंबडी कोंबडी वाटत नाही.

ह्यानंतर ओझ्याकडे वळावे. १५ लिटरचा भरलेला हंडा म्हणजे १५ किलो पाणी, शिवाय हंड्याचे वजन. जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्यात पाण्यासाठी जाणाऱ्या बायांची चाल मुलांनी रोज पाहिलेली असते. परंतु पाहणे व ध्यान देणे ह्यांत अंतर आहे. मुलांना विचारावे : डोक्यावर हंडा असताना डोके तितकेच वरखाली होते काय? पाऊल मोठे पडते की लहान? हात कोठे असतात? उतारावर काय होते? उत्तरे सांगून टाकू नयेत; मुलांनी घरी पाहून यावे. हंड्यात पाणी आहे हे चित्रात लिहून दाखविता येत नाही. ते केवळ चालीवरून कळते. रिकाम्या व भरल्या हंड्याच्या दोन वह्या ज्या मुलीने काढल्या, तिला आपल्या आईचे श्रम कळले, आणि ते कोणी उपदेश न करता कळले.

न बोलणाऱ्या मुलासाठी

आपल्या जिल्ह्याच्या वर्गांत वारली, कोकणा, काथोडी, मल्हार कोळी कुटुंबांतील मुले आहेत. किनाऱ्यावर मांगेला व वैती आहेत. बोईसरला परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले आहेत. पुस्तकातील मराठी ही त्यांपैकी पुष्कळांची घरची बोली नव्हे. असे मूल पहिली कित्येक वर्षे मागच्या बाकावर गप्प बसते व गप्प आहे म्हणून मंद ठरते. एकदा मंद ठरले की ते शाळेत येईनासे होण्यास वेळ लागत नाही. परंतु ह्याच मुलाने खेकडा आडवा कसा पळतो, जाळे हवेत कसे उघडते, पाखरू फांदीवर बसताना पंख कसे आवरते, हे शेकडो वेळा पाहिलेले असते. हे त्याचे ज्ञान आहे. ते विचारण्याची रीत आपल्याकडे नव्हती, इतकेच.

म्हणून ह्या पाठांत पहिले उत्तर तोंडी मागू नये, हाताने करून दाखवावयास सांगावे. नंतर चित्र व शेवटी शब्द, असा क्रम ठेवावा. चित्र झाल्यावर फळ्यावर चालीची क्रियापदे लिहावी : घरंगळणे, सरपटणे, हेलकावणे, उसळणे, गरगरणे, थबकणे, लचकणे, फडफडणे. प्रत्येकासमोर मुलांच्या बोलीतील शब्द मुलांना विचारून लिहावा. मुलांच्या बोलीत एखाद्या चालीला मराठीपेक्षा अधिक नेमका शब्द सापडला, तर तो वर्गाने स्वीकारावा. जो मुलगा तो शब्द देतो, तो त्या दिवसापुरता वर्गाचा शिक्षक होतो. गंजाडच्या ज्या बालकाचा उल्लेख वर आला आहे, त्याच्यापाशीही आरंभी माती व बोट एवढेच होते, हे आपण विसरू नये.

मूल्यमापन

चित्राच्या सुबकपणास गुण देऊ नयेत. पुढील कसोटी पुरेशी आहे. मुलाने चेंडू, पान, झोका, कोंबडी ह्यांपैकी एकाची चाल निवडावी व वहीत वस्तू न काढता केवळ एक ठिपका त्या चालीने हलवावा. वही वर्गासमोर सोडावी व इतरांनी ओळखावे. ठिपका पाहून मुले ‘पान!’ असे ओरडली, तर पाठ साधला. ओळखता आले नाही, तर कोणते अंतर चुकले ते सर्वांनी मिळून शोधावे व तेवढीच पाने बदलावी. चूक कोठे आहे हे मोजपट्टीने सापडते, त्यामुळे ती दुरुस्त करण्यात मुलास कमीपणा वाटत नाही.

सहा पाठांस आठवड्याला एक तास ह्या मानाने दीड महिना लागेल. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत वरच्या वर्गातील मुलांनी मोजमाप करावे व खालच्या वर्गातील मुलांनी चकत्या व ठिपक्यांच्या वह्या कराव्या. सर्व वर्ग एकत्र बसविता येतात. तयार वह्या कपाटात न ठेवता वर्गात दोरीवर टांगाव्या, म्हणजे पालक आले असता त्यांना त्या हाताळता येतील. वही उलटी सोडली की चेंडू जमिनीवरून उठून हातात परत जातो. हे मुलांना सांगू नये, त्यांचे त्यांनाच सापडू द्यावे.